काळ्या इंजिनावर दौंड ते मनमाड

दिवस पहिला

रात्री अडीचला कॉलमनने, म्हणजे ड्युटीची वर्दी देणाऱ्या माणसाने, दार वाजवलं. कंदील वर धरून त्याने वही पुढे केली, मी झोपेतच सही केली. साडेचारची ड्युटी, मालगाडी, नगरमार्गे मनमाड. जानेवारी १९७८. दीड वर्ष दौंडच्या शेडमध्ये क्लीनर म्हणून इंजिनं पुसल्यावर मला नुकतंच सेकंड फायरमन केलं होतं. शंटिंग आणि जवळपासच्या फेऱ्या झाल्या होत्या, पण मनमाडपर्यंत जायची ही पहिलीच वेळ. आईने भाकऱ्या रात्रीच थापून ठेवल्या होत्या. डबा, घोंगडी आणि कानाला बांधायचा रुमाल घेऊन मी रुळाकडेने शेडला निघालो.

शेडमध्ये ओली राख, गरम तेल आणि धूर यांचा जो एकत्र वास असतो तो मला आजही कुठे आला तर पाय थांबतात. आमचं इंजिन पिटावर उभं होतं. डब्ल्यूजी जातीचं, वाफेचं. मालगाड्यांसाठीच बनवलेलं, पुढे दोन छोटी चाकं, मध्ये आठ मोठी, मागे दोन. १९५० साली चित्तरंजनच्या कारखान्यातून पहिलं डब्ल्यूजी बाहेर पडलं, त्याला ‘देशबंधू’ नाव दिलं होतं. १९७० साली शेवटचं निघालं, त्याचं नाव ‘अंतिम सितारा’. मधल्या काळात अशी २,४५० इंजिनं रुळांवर आली. म्हणजे मी नोकरीला लागलो त्याच्या आधीच नवीन काळं इंजिन बनणं थांबलं होतं. शेडमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलून मात्र कोणी दाखवत नसे.

ड्रायव्हरना सगळे मामा म्हणायचे. निवृत्तीला चार-पाच वर्षं राहिलेली, आवाज हळू, दोन्ही हातांवर भाजल्याचे जुने पांढरे डाग. फर्स्ट फायरमनला मी अण्णा म्हणायचो. अण्णांनी चढल्या चढल्या पहिलं काम केलं ते फायरहोलचं, म्हणजे आगीच्या तोंडाचं, दार उघडून आत बघण्याचं. निदान दोन मिनिटं ते नुसते बघत होते. मी बेलचा, कोळसा टाकायचं फावडं, उचलला तर म्हणाले, “ठेव खाली. आधी बघ, मग टाक.”

मला आत नुसता उजेड दिसत होता, डोळे दिपवणारा. अण्णांनी बेलचा उलटा करून दारात आडवा धरला. त्याच्या आडोशाने आग झाकली गेली आणि मग तळ दिसायला लागला. मागचे दोन कोपरे काळपट, मधे पिवळा ढीग, पुढे विटांच्या कमानीखाली जरा पातळ. “कोपरे भर, मधे टाकू नकोस. मधलं इंजिन स्वतः ओढून घेतं,” ते म्हणाले. तेवढं करून आम्ही बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या दोन्ही काचा उघडून तपासल्या, आगीच्या छतातले शिशाचे लेड प्लग गळत नाहीत ना ते पाहिलं, राखपेटी रिकामी आहे ना ते वाकून पाहिलं, वाळूचे डबे भरले. मामा हातात तेलाची बुधली आणि मशाल घेऊन चाकांच्या मध्ये शिरले होते.

यार्डात गाडी जोडली तेव्हा उजाडत होतं. एक्केचाळीस वाघिणी, वाडी-शहाबादकडून आलेलं सिमेंट. भरलेली एकेक वाघीण तीस टनांच्या घरात. मागे ब्रेकव्हॅनमध्ये गार्डसाहेब. ब्रेक मोकळे ठेवणारा व्हॅक्यूम वीस इंचांवर आला, गार्डांचा हिरवा झेंडा दिसला, मामांनी शिट्टी दिली आणि रेग्युलेटर, वाफ सोडायचा दांडा, हाताने नाही, जणू श्वासाने उघडावा तसा हळूच सरकवला. एकेक कपलिंग ताणलं जातानाचा आवाज इंजिनापासून मागे मागे जात राहिला.

दौंड सोडलं की लगेच भीमेचा पूल. नदीवर धुकं होतं. पुलावर इंजिनाचा आवाज एकदम पोकळ होतो, धूर खाली उतरून कठड्याला घासत जातो. पूल संपला आणि अण्णांनी बेलचा घेतला.

हा मार्ग १८७८ साली सुरू झाला, मोठ्या दुष्काळाच्या त्या वर्षांत. मनमाडवरून भुसावळकडे जाणारी आणि दौंडवरून सोलापूरकडे जाणारी अशा दोन मोठ्या लाइनी त्याने जोडल्या. सुमारे २३५ किलोमीटर, आणि आमच्या वेळी सगळा एकेरी. दौंड समुद्रसपाटीपासून ५१४ मीटरवर, नगर ६५० च्या आसपास. नकाशावर हा फरक काहीच वाटत नाही. बेलचा हातात असलेल्याला मात्र त्यातला एकेक मीटर कळतो.

काष्टी गेलं, बेलवंडी गेलं, विसापूरच्या पुढे इंजिनाचा आवाज बदलला. आधी सलग चाललेला फुसफुसाट सुटा सुटा झाला, प्रत्येक ठोका वेगळा मोजता येईल असा. प्रत्येक ठोक्याला चिमणी आतली हवा ओढते आणि आगीचा वरचा थर उचलला जातो. अण्णा दर वेळी चार ते पाच बेलचे टाकायचे. डावा कोपरा, उजवा कोपरा, दोन्ही कडा, एखादा पुढे कमानीखाली. मग दार बंद. आणि लगेच मान बाहेर काढून चिमणीकडे नजर. काळा धूर आला की कोळसा जास्त झाला. काहीच धूर दिसेना तर आगीत कुठेतरी भोक पडलंय, थंड हवा घुसतेय. हलका राखाडी धूर, तोही टाकल्यानंतर थोडाच वेळ, म्हणजे बरोबर. माझं काम टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळशा-पाण्याच्या डब्यावर, कोळशाचे मोठे दगड हातोड्याने फोडायचे आणि कोळसा पुढे ओढून द्यायचा. आपल्याकडच्या कोळशात राख भरपूर. काही ढेकळं तर निव्वळ दगड, ती उचलून बाहेर फेकायची.

थंडी अशी होती की पाठ गारठलेली आणि तोंड भाजत होतं. डबा मी बॉयलरच्या वरच्या कडेला ठेवला होता. सारोळ्याला समोरच्या गाडीसाठी लूपमध्ये, बाजूच्या रुळावर, तासभर थांबलो तेव्हा पिठलं इतकं गरम झालं होतं की भाकरीवर घेऊन फुंकत खावं लागलं. मालगाडीच्या नशिबी लूप असतोच. एक्स्प्रेस जाणार, पॅसेंजर जाणार, मग आपण. पण उभ्या गाडीतही आग जिवंत ठेवायची असते, ती जास्त पेटली तर सेफ्टी व्हॉल्व्ह उडून पाणी आणि कोळसा दोन्ही वाया, कमी पडली तर निघताना वाफेच्या दाबाचा काटा खाली. हे मला त्या तासाभरात पहिल्यांदा कळलं.

दुपार कलताना नगर. रनिंग रूममध्ये, गाडीवरच्या माणसांच्या विश्रांतीच्या खोलीत, गरम पाणी मिळालं. अंग तीनदा धुतलं तरी टॉवेल काळाच निघाला.

दिवस दुसरा

नगरहून निघायला दुपारचे चार वाजले. तोच लोड, तेच इंजिन, माणसंही तीच. विळदच्या पुढे वांबोरीपर्यंत उतार, म्हणजे फायरमनला विसावा आणि ड्रायव्हरला घोर. बाराशे-तेराशे टन मागून ढकलत असतात. मामांनी रेग्युलेटर बंद केला की अण्णा ब्लोअर, म्हणजे चिमणीतून वाफ सोडून हवा ओढायची झडप, उघडायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “चिमणी ओढायची थांबली की आग तुझ्याकडे येते.” त्यांच्या भुवया का विरळ आहेत ते मी पुढे विचारलं नाही.

राहुरीच्या पुढे सपाटी. मामा माझ्याकडे न बघता अण्णांना म्हणाले, “पोराला दे आता.”

बेलचा भरला की सात-आठ किलो. खरी ताकद टाकण्यात नाही, वळण्यात आहे. टेंडरकडे तोंड, भर, वळ, दार, टाक, परत. डुलत्या पत्र्यावर पाय रुंद रोवून कंबरेतून वळायचं. दहा बेलच्यांनंतर खांदे बोलायला लागले, पन्नासनंतर मनगटं. पण काटा २१० पौंडांच्या लाल रेघेजवळ टिकून होता आणि मला वाटलं, जमलं.

अंधार पडला. बेलापूर, चितळी. दोन्ही बाजूंना ऊस, कारखान्यांचे दिवे आणि मळीचा गोडसर आंबट वास, आमच्या धुरातही वेगळा ओळखू येणारा. पुणतांब्याच्या आसपास अण्णांनी दूर एका दिव्याकडे बोट दाखवून चांगदेवांच्या समाधीचं गाव म्हणून हात जोडले. पुढे गोदावरी. रात्रीची नदी दिसत नाही, फक्त पुलाच्या गर्डरचा ठेका ऐकू येतो आणि आगीचं दार उघडलं की खालच्या पाण्यावर एक लाल पट्टा धावत जातो.

त्यानंतरच्या एका छोट्या स्टेशनात माझी चूक झाली. त्या काळी एकेरी लाइनवर पुढच्या स्टेशनपर्यंतचा रस्ता आपला आहे याचा पुरावा म्हणजे गोळा. लोखंडी, चेंडूएवढा, त्यावर दोन्ही स्टेशनांची नावं कोरलेली. स्टेशन मास्तरच्या खोलीतल्या यंत्रातून तो बाहेर येतो आणि त्या टप्प्यासाठी एक गोळा बाहेर असला की दुसरा निघतच नाही. चामड्याच्या पिशवीत तो गोळा, पिशवीला वेताचं मोठं कडं. पॉइंट्समन दिवा आणि कडं उंच धरून उभा राहतो, चालत्या गाडीतून फायरमनने हात कोपरात वाकवून कड्यात घालायचा, आणि आधीचं कडं त्याच वेळी खाली टाकायचं. मी जुनं टाकलं, पण नवं घेताना हात आखडता घेतला. कडं दंडाला लागून खाली पडलं.

मामांनी गाडी उभी केली. बोलले काहीच नाहीत. मी हातातला दिवा घेऊन गाडीच्या कडेने मागे गेलो, खडीवरून, एकेक वाघीण मोजत. पॉइंट्समन समोरून कडं घेऊन येतच होता. माझ्याहून वयाने मोठा माणूस, धावत आला होता, दम लागला होता. “हात ढिला सोडायचा, कडं आपणहून येतं,” एवढंच म्हणाला. एक्केचाळीस वाघिणी पुन्हा हलवायला किती वाफ जाते ते परत आल्यावर काट्यावर दिसलं.

आणि तो काटा भरून काढायच्या नादात मी दुसरी, मोठी चूक केली. भराभर टाकत गेलो. कोपरे न बघता, धूर न बघता, मधोमध. अण्णा टेंडरवर कोळसा ओढत होते. कोपरगाव, मग येवला. सपाटीवर इंजिन अर्ध्या जोरात चालतं तेव्हा जाड आग खोटं समाधान देते. काटा हलत नाही आणि आपल्याला वाटतं आग भरपूर आहे.

येवल्यानंतर अनकाईचा चढ लागतो. अंधारातही अनकाई-टनकाईच्या जोडकिल्ल्याचा आकार आकाशापुढे काळा उभा दिसतो, त्याच्या खिंडीकडे लाइन चढत जाते. मामांनी रेग्युलेटर पूर्ण उघडला. अशा वेळी आग पांढरी व्हायला हवी. ती लालच राहिली. काटा १९०, मग १७५. पाणी खाली चाललं म्हणून बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर लावावा लागला आणि थंड पाणी आत गेल्यावर १५०. मी आणखी कोळसा टाकायला वळलो तर अण्णांनी माझं मनगट धरलं.

१३० ला व्हॅक्यूम ढळायला लागला. वाफ कमी पडली की ब्रेकच्या नळीतली हवा उपसणारा इजेक्टर ती ओढू शकत नाही आणि गाडीचे ब्रेक आपोआप चाकांना धरू लागतात. चढावर, अर्ध्या वाटेत, आमची गाडी उभी राहिली. एकदम इतकी शांतता झाली की बॉयलरच्या आतलं पाणी उकळताना ऐकू येत होतं. मागे गार्डसाहेबांचा दिवा दूर दूर जाताना दिसला, मागून येणाऱ्या गाडीला इशारा म्हणून रुळांवर फटाके लावायला.

अण्णांनी टेंडरवरून लांब सळई काढली, माणसाच्या दीडपट. ती आगीत घालून तळाशी सरकवली तेव्हा ठक् असा आवाज आला, दगडावर आपटल्यासारखा. “हे बघ,” ते म्हणाले. बेलच्याच्या आडोशाने मी पाहिलं. वरून सगळं लाल, पण जाळीवर मधोमध राखेचा वितळलेला, काचेसारखा थर पसरला होता. क्लिंकर. खालून येणारी हवा तिथे अडली होती. मी जितका कोळसा टाकला तितका त्याच्यावर रचला गेला, जळाला नाही, फक्त राख वितळवत राहिला.

आम्ही आलटून पालटून सळई चालवली. तिचं टोक लाल होऊन वाकायचं, मग बाहेर काढून पायरीवर ठोकून सरळ करायचं आणि पुन्हा आत. थर तुकड्यातुकड्यांनी सुटला. जाळी हलवायची दांडी दोघांनी मिळून ओढली, तुकडे राखपेटीत कोसळले आणि खालच्या रुळांवर लाल उजेड पडला. मग अण्णांनी उरलेली आग पसरली आणि ब्लोअर लावून बसून राहिले. मला वाटत होतं काहीतरी करावं, पण त्या वेळी करण्यासारखं होतं ते हेच, वाट बघणं. आग कडेने उजळत मधे आली. पाऊण तासाने काटा २०० ला पोचला, मामांनी गार्डना परत बोलावणारी शिट्टी दिली. वाळू सोडली, चाकं एकदा जागीच गरगरली, मग पकडली.

मनमाडला पहाटे साडेचारला पोचलो. शेडचा माणूस चार्ज घ्यायला चढला. चार्ज घेणारा प्रत्येक जण आधी आगीचं दार उघडतो, ही रीतच. त्याने आत पाहिलं, मग आम्हा तिघांकडे पाहिलं, आणि विचारलं, “कोणी जाळलीय ही?” मी पुढे व्हायच्या आत मामा म्हणाले, “कोळसा खराब होता.”

कोळसा तोच होता, जो अण्णांनी दौंड ते नगर जाळला होता.

दिवस तिसरा

मनमाडच्या रनिंग रूमवर दुपारपर्यंत झोपलो. उठलो तर बोटं मिटत नव्हती. तळहातावर चार फोड, दोन फुटलेले. अण्णांनी खोबरेल लावून फडकं बांधलं.

संध्याकाळी मामा मला शेडकडे घेऊन गेले. आमचं इंजिन पिटावर उभं होतं, आग पाडलेली, राखेचा ढीग बाजूला. त्यात काल रात्रीच्या क्लिंकरचे तुकडे होते. मामांनी एक उचलून माझ्या हातात दिला. हिरवट काळा, एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला जाळीच्या पट्ट्यांचे खोल ठसे. “हे तळाचं तोंड. वरून तुला कधी दिसणार नाही,” ते म्हणाले. “पण धूर सांगतो, ठोका सांगतो. काटा सगळ्यात शेवटी सांगतो. तू काट्याकडेच बघत होतास.”

मग त्यांनी स्वतःच्या एका चुकीची गोष्ट सांगितली, ती त्यांची आहे म्हणून इथे लिहीत नाही. परत येताना हडबीच्या शेंडीचा तो अंगठ्यासारखा सुळका संध्याकाळच्या उजेडात उभा होता. बाकी दिवसाचं काही सांगण्यासारखं नाही. जेवलो, झोपलो.

दिवस चौथा

सकाळी सातला परतीची गाडी, गव्हाची, अडतीस वाघिणी. मनमाड सुटलं की इंजिन पुरतं तापायच्या आत अनकाईची चढण समोर येते. ही अण्णांनी जाळली. मी टेंडरवरून नुसता चिमणीकडे बघत होतो आणि ते दार उघडायच्या आधी मनात म्हणून बघायचो, आता टाकतील. पहिल्यांदा चुकलं. नंतर नंतर जुळायला लागलं.

माथ्याच्या जरा आधी काचेत पाणी तीन चतुर्थांश होतं. मी इंजेक्टर बंद करायला हात पुढे केला तर अण्णा म्हणाले, “थांब, उतार लागू दे.” चढावर इंजिनाचं नाक वर असतं, पाणी मागे आगीच्या बाजूला जमतं आणि काच फुगवून सांगते. माथा ओलांडला की पाणी पुढे पळतं. माझ्या डोळ्यांदेखत ते तीन चतुर्थांशावरून अर्ध्याखाली उतरलं. मी बंद केलं असतं तर आगीच्या डोक्यावरचा पत्रा उघडा पडायला कितीसा वेळ होता? लेड प्लग त्यासाठीच असतात, ते वितळून वाफ आगीत सुटते आणि आग दबते. पण तो प्लग वितळणं म्हणजे त्या फेरीतल्या फायरमनच्या कपाळावर कायमचा शिक्का.

येवला, कोपरगाव, गोदावरी. दिवसा पाहिलं तर पात्रात पाणी थोडं, वाळूच जास्त, काठावर बायका कपडे धूत होत्या आणि पोरं इंजिनाकडे बघून हात हलवत होती. मी कडं दोन ठिकाणी घेतलं. हात ढिला सोडला. कडं खरंच आपणहून आलं, दंडावर एक जोराचा झटका देऊन, आणि पिशवीतला गोळा छातीवर आपटला.

राहुरीला पाणी भरलं. मी टेंडरवर उभा राहून वॉटर कॉलमची सोंड धरली होती. खालून मामांचा आवाज आला, “वांबोरीपासून तू.”

५११ मीटरवरून ६५० वर. राहुरी ते नगर. वांबोरीला फडकं बांधलेल्या हातांनी मी आधी दार उघडलं, बेलचा उलटा धरला आणि बघितलं. उजवा मागचा कोपरा बसला होता. तिथे दोन, डावीकडे एक, कडांना एकेक. दार बंद. मान बाहेर. राखाडी. मनात वीस मोजायच्या आत धूर विरळ झाला. पुन्हा बघितलं.

चढ वाढला तसा ठोका जड झाला. मी तो ऐकत होतो, काट्याकडे मुद्दाम पाठ करून. एका वळणावर धूर एकदम निवळला, अगदी स्वच्छ झाला, म्हणजे भोक. कमानीखाली पुढे, जिथे माझा बेलचा पोचत नव्हता. दोनदा टाकलं, दोन्ही आधीच पडले. तिसऱ्या वेळी अण्णांनी सांगितलेलं आठवलं, बेलचा दाराच्या खालच्या कडेवर आपटून थांबवायचा, कोळसा स्वतः पुढे जातो. तसं केलं. धूर पुन्हा राखाडी. मामांनी मागे वळून पाहिलं नाही, पण रेग्युलेटरवरचा त्यांचा हात आणखी एक घर पुढे सरकला. आग माझ्या हातात असताना त्यांनी इंजिनाकडून जास्त मागितलं, हे मला कळलं आणि छाती भरून आली.

विळदच्या आधी मी काटा बघितला. २०५.

नगरला अंधारून आलं होतं. पुढे दौंडपर्यंत दुसरा संच गाडी नेणार होता. त्यांचा फर्स्ट फायरमन चढला, उंच, मला अनोळखी. डबा ठेवायच्याही आधी त्याने आगीचं दार उघडलं. बेलचा उलटा धरला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, वाकून कमानीखाली पाहिलं. मी कठड्याला धरून उभा होतो.

त्याने दार बंद केलं आणि बोलला काहीच नाही. मग टेंडरकडे वळून घोंगडी टांगायला खुंटी शोधू लागला. मी माझी घोंगडी काढून त्याला ती खुंटी मोकळी करून दिली.